चकतीचे सोंग



विषयाचे नाव वाचून कोणी बोहाड्याची किंवा तमाशाची अपेक्षा धरून आले असेल, तर त्यांनी आताच सावध व्हावे. हे सोंग कारखान्यातले आहे. चकती नसताना चकती असल्याचे सोंग वठवणारे एक लहानसे कार्ड, आणि ते सोंग खरे मानून मुकाट्याने काम करणारे पंचवीस-तीस वर्षांचे जुने यंत्र, अशा दोघांची ही हकीकत आहे.

युनियनवाल्याने करार, बोनस, मोर्चे यांवर बोलावे. चकत्यांशी त्याचा काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध सरळ आहे. यंत्र बंद पडले म्हणजे त्याचे काय करायचे हे मालक ज्या बैठकीत ठरवतो, त्याच बैठकीत त्या यंत्रावरच्या माणसांचाही निकाल लागतो. तेव्हा यंत्र खरेच मेले आहे की त्याचा एखादा अवयव निकामी झाला आहे, हे कामगारांच्या बाजूने बसणाऱ्या माणसाला कळलेच पाहिजे. आम्ही शाळेत फार दिवस टिकलो नाही. थोडेफार शिकलो ते रात्रपाळीच्या फिटरांकडून, यंत्रांच्या जुन्या मॅन्युअलांतून, आणि हल्लीच्या मुलांना न लाजता प्रश्न विचारून. तेवढ्याच भांडवलावर आज उभे आहोत.

प्रथम चकती म्हणजे काय ते सांगितले पाहिजे, कारण सभागृहातल्या पुष्कळ तरुणांनी फ्लॉपी पाहिली असेल ती फक्त संगणकाच्या पडद्यावरच्या चित्रात. आयबीएम कंपनीने १९७१ साली पहिली फ्लॉपी आणली. ती आठ इंचांची, चांगली भाकरीएवढी होती. १९७६ साली अमेरिकेतल्या शुगार्ट कंपनीने सव्वापाच इंची काढली, आणि १९८१ साली सोनीने कडक कवचाची साडेतीन इंची. पुढे वीस वर्षे जगाचा हिशेब, पत्रव्यवहार आणि यंत्रांचे प्रोग्रॅम या चपट्या डबीत बसून फिरले. सोनीने २०११ साली तिची विक्री थांबवली. परंतु चकती गेली म्हणून तिची फट गेली नाही. अमेरिकेच्या अण्वस्त्रांचे आदेश वाहणाऱ्या यंत्रणेत आठ इंची फ्लॉपी २०१९ पर्यंत चालू होती. जपान सरकारच्या नियमांतून फ्लॉपीची सक्ती निघायला २०२४ साल उजाडले. अण्वस्त्रांची ही तऱ्हा, तिथे बारामती एमआयडीसीतल्या किंवा इंदापूरकडच्या लोणी देवकरच्या एखाद्या सेकंडहँड सीएनसी लेथची काय कथा! असली यंत्रे मोठ्या कारखान्यांनी काढून टाकली की लहान वर्कशॉपवाले घेतात, आणि लोखंड मजबूत असल्याने ती वर्षानुवर्षे चालतात. लोखंड झिजत नाही. आधी जाते ती फ्लॉपी.

साडेतीन इंची चकती ड्राइव्हमध्ये मिनिटाला ३०० फेरे घेते, म्हणजे एक फेरा सेकंदाच्या पाचव्या हिश्शात. तिच्या दोन्ही बाजूंस प्रत्येकी ८० ट्रॅक असतात. ग्रामोफोनच्या तबकडीवर एकच रेघ गुंडाळत आत जाते. इथे तसे नसते, एकात एक अशी ८० सुटी वर्तुळे असतात. प्रत्येक वर्तुळाचे १८ तुकडे, त्यांना सेक्टर म्हणतात, आणि एका सेक्टरात ५१२ अक्षरे. ऐंशी गुणिले दोन गुणिले अठरा गुणिले पाचशे बारा, हा गुणाकार घरी करून पाहावा. १४,७४,५६० येतात. डबीवर १.४४ असे लिहीत ते यावरूनच.

निरा डाव्या कालव्यावर ज्यांची शेती आहे, त्यांना पुढची गोष्ट चटकन कळेल. पाण्याची पाळी आली तेव्हा तुम्ही दारे धरायला चारीवर हजर नसाल, तर पाणी तुमच्यासाठी थांबत नाही. पुढच्या आवर्तनाची वाट पाहावी लागते. चकतीचेही तसेच. हवा तो सेक्टर डोक्याखालून गेला आणि त्या क्षणी वाचायचा राहिला, तर पुरा एक फेरा, सेकंदाचा पाचवा हिस्सा, थांबावे लागते. हे सारे वेळेचे गणित सांभाळणाऱ्या चिपेला कंट्रोलर म्हणतात. चकती फिरवणारा आणि डोके पुढेमागे नेणारा तो ड्राइव्ह. त्याला हुकूम देणारा आणि त्याच्याकडून आलेल्या ठोक्यांतून अक्षरे काढणारा तो कंट्रोलर. दोघांमध्ये चौतीस तारांची एक चपटी पट्टी, आणि तीतल्याही सतरा तारा निव्वळ अर्थिंगच्या.

आता मुद्द्याची गोष्ट. या कंट्रोलरला चकती कधीच दिसत नाही. तो आंधळा आहे. एका तारेवरून तो सांगतो, आत जा की बाहेर ये. दुसऱ्या तारेवर एक टिचकी मारतो, म्हणजे एक पाऊल. डोके कुठे आहे हे त्याला ठाऊक नसते, म्हणून सुरुवातीला तो त्याला बाहेर बाहेर हाकत राहतो, आणि 'ट्रॅक शून्य' या तारेवरून हुंकार आला की समजतो, भिंत लागली. तेथून पुढे पावले मोजायची. आंधळा माणूस आपल्या घरात फिरतो तसेच. चकतीचा एक फेरा झाला हे त्याला 'इंडेक्स' नावाच्या तारेवरच्या ठोक्याने कळते. आणि आपण खरोखर योग्य जागी आलो की नाही हे पडताळायला प्रत्येक सेक्टरच्या आधी बांधावरच्या दगडासारखा पत्ता लिहिलेला असतो: ट्रॅक कितवा, बाजू कोणती, सेक्टर कितवा, लांबी किती. शेवटी एक ताळ्याचा आकडा. तो जुळला नाही की मजकूर नापास.

मजकूर येतो कसा, हे तर आम्हाला फार दिवस कोडे होते. वाचनाच्या तारेवरून एक आणि शून्य असे काही येत नाही. येतात फक्त ठोके, आणि सगळे ठोके सारखे. अर्थ ठोक्यात नसतो, दोन ठोक्यांमधल्या अंतरात असतो. हलगी ऐकणाऱ्याला हे सांगायला नको; तिथेही बोल ओळखू येतो तो अधल्यामधल्या मोकळ्या जागेमुळे. वर सांगितलेल्या चकतीवर हे अंतर तीनच प्रकारचे असते: एका सेकंदाचे दहा लाख भाग केले तर त्यांतले दोन, तीन किंवा चार. एकाला लागून एक आला तर दोन भाग. दोन एकांच्या मध्ये एकच शून्य असेल तर चार भाग. आणि शून्यामागून शून्य आले, तर त्या दोघांच्या सीमेवर एक जादा ठोका टाकतात, म्हणजे शांतता फार लांबून कंट्रोलरची लय सुटू नये. मोटर कधी किंचित जलद, कधी किंचित मंद फिरते, त्यामुळे कंट्रोलर या ठोक्यांवरून आपली लय सतत सावरत असतो. ढोलकीवाला सरकला की झांजवाला सरकतो, तसा. आणखी एक गंमत आहे. अक्षरांचा आरंभ कोठून हे कळावे म्हणून लिहिताना एका ठरावीक ठिकाणी मुद्दाम एक ठोका गाळतात. सरळ मजकुरात अशी चूक कधी होऊच शकत नाही, म्हणून ती ऐकली की कंट्रोलर ओळखतो, आता मजकूर सुरू. चुकीचा असा नेमका उपयोग करणारी माणसे आम्हाला फार आवडतात.

हे सगळे एवढे विस्ताराने सांगितले, कारण सोंगाचे रहस्य इथेच आहे. कंट्रोलरला चकती दिसत नाही, त्याला फक्त तारांवरचे ठोके कळतात. मग ते ठोके फिरत्या चकतीवरून आले काय किंवा एखाद्या लहानशा प्रोसेसरने मोजून दिले काय, त्याला काय फरक पडतो?

याच विचारावर जगभरच्या हौशी मंडळींनी कार्डे बनवली. फ्रान्समधील झाँ-फ्रान्स्वा देल नेरो यांनी २००६ पासून एचएक्ससी नावाचा असा सोंगाड्या रचला. चिनी बनावटीचा गोटेक नावाचा स्वस्त डबा बाजारात आला. तो फ्लॉपी ड्राइव्हच्याच मापाचा, त्याच खाचेत बसणारा, आणि तोंडाशी फटीऐवजी पेनड्राइव्हचे भोक. त्यातला मूळ प्रोग्रॅम फारच मोजक्या प्रकारच्या चकत्यांची नक्कल करी. तेव्हा ब्रिटनमधील कीर फ्रेझर यांनी त्यासाठी फ्लॅशफ्लॉपी नावाचा नवा प्रोग्रॅम लिहिला आणि तो सर्वांसाठी खुला सोडून दिला. कोणीही वापरावा, बदलावा, विचारू नये.

त्याचे काम असे चालते. कंट्रोलरने पाऊल टाकायची टिचकी मारली की हा मोजतो: सतरावा ट्रॅक, अठरावा ट्रॅक. भिंत लागली असे खोटेच सांगतो. सेकंदाच्या दर पाचव्या हिश्शाला इंडेक्सचा ठोका देतो, जणू चकती फिरतेच आहे. आणि त्या ट्रॅकवर जो मजकूर असायला हवा तो पेनड्राइव्हवरून आणून, त्याचे ठोके करून, बरोबर अंतराने तारेवर सोडतो. गोटेकमध्ये मुळात जो प्रोसेसर होता तो सेकंदाला सात कोटी वीस लाख टिकटिक करणारा. म्हणजे चार भागांच्या अंतराला त्याच्या २८८ टिकटिकी मिळतात. आजच्या मानाने तो गरीबच, पण एवढ्या कामाला पुरून उरतो.

अडचण असते ती पेनड्राइव्हची. तो कधी झटकन देतो, कधी मध्येच थबकतो, आणि तारेवरचे ठोके तर क्षणभरही थबकून चालत नाहीत. यावर शेतकऱ्याने काढलेलाच उपाय आहे: शेततळे. एका पुऱ्या ट्रॅकचे कच्चे ठोके अक्षरांत मोजले तर सुमारे पंचवीस हजार अक्षरे होतात. तेवढी आधी प्रोसेसरच्या आठवणीत भरून ठेवायची, आणि तिथून धार सोडायची. मागून तळे भरत राहायचे. लिहिताना उलट. कंट्रोलरकडून येणारे ठोके आधी तळ्यात झेलायचे, मग सवडीने पेनड्राइव्हवर उतरवायचे. म्हणून ज्यांच्याकडे असा डबा बसला आहे त्यांनी लक्षात ठेवावे: यंत्राने 'लिहिले' असे सांगितले तरी तळे रिकामे व्हायला क्षणभर वेळ लागतो. तेवढ्यात मेन स्विच ओढू नये.

विजेची बाजूही पाहावी लागते. जुन्या यंत्रांतल्या तारा पाच व्होल्टवर तंग असतात आणि हुकूम द्यायचा म्हणजे तार शून्याकडे ओढायची. पुष्कळ जुन्या सामानात ती तार दीडशे ओहमच्या रेझिस्टरने वर बांधलेली असते. पाच भागिले दीडशे केले तर तेहतीस मिलिअँपिअर निघतात. नव्या प्रोसेसरच्या बारीक पायाला हे ओझे पेलत नाही, म्हणून मध्ये जुन्या घराण्यातली एखादी दणकट चिप हमाल म्हणून ठेवावी लागते. नवीन डोके आणि जुने खांदे, अशी जोडी जमवल्याशिवाय हे काम होत नाही.

इथवर ड्राइव्हचे आणि चकतीचे सोंग झाले. काही मंडळी याच्याही पुढे गेली आहेत. १९८० साली आलेल्या एसटी-५०६ या पाच मेगाबाइटच्या हार्डडिस्कच्या घराण्यासाठी अमेरिकेतील डेव्हिड गेसवाइन यांनी असेच कार्ड केले. तिथे चकती मिनिटाला ३,६०० फेरे घेते आणि ठोके फ्लॉपीच्या दहापट वेगाने येतात, म्हणून त्यांनी असा लहान संगणक निवडला ज्यात मुख्य प्रोसेसरखेरीज वेळ सांभाळणारे दोन स्वतंत्र मदतनीस आहेत. वीज अकस्मात गेली तर मजकूर उतरवून घेण्याइतका दम धरणारे कपॅसिटरही त्यावर बसवले. हे वाचले तेव्हा वाटले, या गृहस्थाने आपले लोडशेडिंग कुठे पाहिले असावे!

जर्मनीचे यॉर्ग होप यांनी तर ड्राइव्ह सोडून कंट्रोलरचेच सोंग घेतले. डिजिटल इक्विपमेंट कंपनीच्या पीडीपी-११ या १९७० पासूनच्या संगणकांत त्यांचे युनिबोन नावाचे कार्ड बसते आणि कपाटाएवढ्या चकत्यांचा कारभार एकटे चालवते. इथे ठोके मोजायचे नसतात. संगणक ठरावीक पत्त्यांवर हुकूम ठेवतो. तो वाचून कार्डाने स्वतः रस्ता ताब्यात घ्यायचा, मजकूर संगणकाच्या आठवणीत नेऊन ठेवायचा आणि काम झाल्याची हाक द्यायची. यात एक खुबीची अडचण येते. नवे कार्ड फार चलाख असते. हुकूम झाल्याझाल्या ते काम उरकून हाक मारते, आणि जुना प्रोग्रॅम अजून हाक ऐकायला तयारच झालेला नसतो. त्याला सवय डोके सरकण्याची, चकती फिरण्याची. म्हणून अशा सोंगाला मुद्दाम सावकाशपणा शिकवावा लागतो.

कोणी म्हणेल, हे सगळे परदेशी हौशींचे खेळ. आम्ही म्हणतो, बनवणाऱ्याने पाठ फिरवल्यावर यंत्र चालते ठेवण्याची परंपरा आपल्या देशात जुनी आहे. परकीय भांडवलाचा वाटा कमी करण्याचा कायदा न मानता आयबीएम १९७८ साली भारतातून निघून गेली. तिची यंत्रे इथेच, रेल्वेत, कारखान्यांत, संशोधनसंस्थांत उभी होती. ती सांभाळण्याचे काम केंद्र सरकारच्या कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशनने घेतले आणि आपल्याच तंत्रज्ञांनी ती पुढे वर्षानुवर्षे चालवली. दरवाजातून संगणक आत येताना कामगार संघटनांनी त्याला अडवले हे सर्वांच्या लक्षात आहे. साठच्या दशकात आयुर्विमा महामंडळाचे कर्मचारी त्यासाठी लढले, बँकांत १९८३ साली करार होऊन मगच यंत्रे बसली. पण आत आलेले यंत्र जगवणारे हातही कामगारांचेच होते, हे फारसे कोणी लिहीत नाही.

आता आमच्या डोळ्यांपुढचे एक उदाहरण. बारामतीच्या एका वर्कशॉपमध्ये, नाव सांगत नाही, सीएनसी लेथचा फ्लॉपी ड्राइव्ह बसला. मालकाने बाहेरून तंत्रज्ञ बोलावला. त्याने तपासून सांगितले, सुटा भाग मिळत नाही, सगळा कंट्रोल नवा घ्या. आणि कित्येक लाखांचा आकडा लिहून दिला. मालकाने तो कागद आमच्यापुढे टाकला आणि म्हणाला, "साहेब, एवढ्यात मशिन भंगारात जाईल आणि पोरं घरी." त्याचेही सर्वस्वी चूक नव्हते. कर्ज त्याच्या डोक्यावर होते.

इंदापूरचा एक आयटीआय झालेला मुलगा त्याच लेथवर ऑपरेटर होता. त्याने काही हजारांच्या आतला डबा मागवला. तो बसवल्यावर लेथ म्हणे, चकती नाही. दोन रविवार त्याचे त्यात गेले. दोष असा निघाला की चौतिसाव्या तारेचा अर्थ दोन जातींत वेगवेगळा आहे: घरगुती संगणक तिच्यावर 'चकती बदलली का' हे ऐकतो आणि पुष्कळ कारखानी यंत्रे तिच्यावर 'ड्राइव्ह तयार आहे का' हे ऐकतात. डबा घरगुती बोली बोलत होता. शिवाय या यंत्राला ड्राइव्ह पहिल्या नंबरचा हवा होता, दुसऱ्या नंबरचा नव्हे. फ्लॅशफ्लॉपीत ही बोली बदलायची सोय आहे. पेनड्राइव्हवरच्या एका साध्या फाइलीत एक ओळ लिहायची. ती ओळ लिहिली आणि लेथने जुने सगळे प्रोग्रॅम ओळीने पडद्यावर दाखवले. त्या ठिकाणची माणसे आजही कामावर आहेत.

पण इथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे, नाहीतर लोक सोंगालाच देव मानतील. अशा जुन्या कंट्रोलमध्ये यंत्राचे माप, मर्यादा आणि चाली ज्या आठवणीत असतात, ती एका बॅटरीवर जगते. बॅटरी संपली आणि ते आकडे कुठे उतरवून ठेवलेले नसले, तर कोणताही डबा उपयोगाचा नाही. वरच्या वर्कशॉपमध्ये एका वयस्क सेटरने ते सारे आकडे शाळेच्या वहीत उतरवून ठेवले होते. कोणी सांगितले नव्हते. ती वही आता मालकाच्या तिजोरीत असते, आणि सेटरची पगारवाढ अजून आमच्या मागणीपत्रात आहे.

शेवटचा प्रश्न यंत्राचा नाही, माणसाच्या पेन्शनचा आहे. १९९५ च्या कर्मचारी पेन्शन योजनेत पेन्शन मिळायला दहा वर्षांची पात्र सेवा दाखवावी लागते. बंद पडलेल्या एखाद्या युनिटचे मस्टर आणि पगारपत्रक कागदावर सापडत नाही, आणि कोणा जुन्या कारकुनाच्या माळ्यावर फ्लॉप्यांचा खोका सापडतो, असे घडते. अशा वेळी सोंगाची उलटी विद्या कामाला येते. कीर फ्रेझर यांनीच ग्रीझवीझल नावाचे दुसरे लहान कार्ड केले आहे. ते खऱ्या ड्राइव्हला जोडतात, आणि ते अक्षरे न वाचता निव्वळ ठोक्यांमधली अंतरे जशीच्या तशी टिपून घेते. संगणकाने 'वाचता येत नाही' म्हणून परत दिलेल्या चकतीतूनही अशा टिपणावरून पुष्कळदा मजकूर सुटतो, कारण एकदा टिपलेल्या अंतरांवर वेगवेगळ्या लयी लावून निवांत पाहता येते, आणि चकतीला पुन्हा हात लावावा लागत नाही.

तेव्हा घरात असा खोका असेल तर तो रद्दीवाल्याला देऊ नये आणि उत्साहाने कुठल्याही ड्राइव्हमध्येही घालू नये. आधी उजेडात धरून पाहावे. चकतीवर बुरशीचे ठिपके असतील तर डोके ती खरवडून काढते आणि मजकूर कायमचा जातो. बुरशी नसेल तरी प्रथम लेखन बंद करावे. साडेतीन इंचीच्या कोपऱ्यातले भोक उघडे ठेवले म्हणजे लेखन बंद होते. सव्वापाच इंचीला मात्र कडेची खाच चिकटपट्टीने झाकावी लागते. दोन्हींची रीत अशी एकमेकींच्या उलट आहे, म्हणून खोक्यावरच मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावे.